हातचं दोन घोट पाणी

धुई इतकी दाट होती की चहाची टपरी आधी वासानं सापडली, मग डोळ्यांना दिसली. मेहकरच्या स्टँडवर पहिल्या बसनं उतरलेली दीपमाला हातातला डबा सांभाळत आल्याच्या वासामागे चालत गेली. टपरीपुढच्या बाकावर एकच माणूस बसला होता. मरून स्वेटर, गळ्यात मफलर, डोळ्यांत जागरण.

“एक चहा द्या.”

“दूध संपलं ताई,” टपरीवाला म्हणाला. “हा शेवटचा होता. आता येईनच दूधवाला.”

बाकावरच्या माणसानं हातातला ग्लास पाहिला. अजून ओठाला लावला नव्हता. “घ्या,” तो म्हणाला. “रात्रीपासून हा चौथा होता. तुमच्यामुळं वाचलो. दवाखान्यात चालल्या ना?”

“तुमाले कसं कळलं?”

“इतक्या सकाळी डबा घेऊन माणूस एक तर शाळेत जाते, नाहीतर दवाखान्यात. शाळेचं वय दिसत नाही तुमचं.”

तिला हसू आलं. रात्रभर ते जवळही फिरकलं नव्हतं. ग्लासाच्या उबेवर हात धरून ती म्हणाली, “बाबा आहेत ॲडमिट. काल संध्याकाळी आणलं, दम लागून राह्यला होता. आई आहे सोबत. अन् तठी एक ब्रदर आहे म्हणे… लय खडूस! बाबाच्या उशाचा तांब्याच उचलून नेला त्यानं. आजारी माणसाच्या उशाचा तांब्या उचलते का कोणी?”

“बाप्पा! असा माणूस कामावर ठेवतेच काऊन?”

“मी सांगणार आहे त्याले.”

“सांगाच. चांगलं कडक सांगा.” तो थांबला. “दिसायले कसा आहे म्हणे?”

“आई म्हणे दिसायले बरा आहे. त्याचाच तं राग येते.”

त्यानं मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. हसू लपवायला की थंडीनं, ते धुईत कळलं नाही.

थोड्या वेळानं ती वॉर्डात बापाच्या पायाशी उभी होती, तेव्हा पडदा सरकला. निळा गणवेश, हातात रक्तदाबाचं यंत्र, आणि वर तेच जागे डोळे.

“प्रज्वल,” त्यानं स्वतःकडं बोट दाखवलं. “तांब्यावाला. सांगा आता, कडक.”

दीपमालाचे कान गरम झाले. “चहाचे उपकार आहेत,” ती म्हणाली. “उद्या सांगीन.”

महादेवरावांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हृदय कमजोर झालं की अंगातलं पाणी बाहेर पडत नाही, ते आधी पायांत उतरतं, मग छातीत चढतं, आणि माणसाला आडवं झोपता येत नाही. औषधं कायम घ्यावी लागतील. पाणी दिवसाला एक लिटर, चहा, दूध, वरण सगळं त्यातच. त्याच्यावर घोटभरही नाही.

“हे पाहा.” प्रज्वलनं महादेवरावांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. कातडीत खड्डा पडला होता, चिखलात बोट रुतावं तसा. तो भरून यायला बराच वेळ लागला. दोघं वाकून पाहत होते. तिच्या वेणीला ओल्या मातीचा आणि कोवळ्या पाल्याचा वास होता. प्रज्वलनं तो घेतला, आणि उगाच पडदा सारखा केला.

“शेतातून आल्या?”

“रोपवाटिका आहे आमची, लोणार रस्त्याले. मिरची, वांगी, टमाटे. बाबानं लावली, आता मी पाह्यते.”

“मंग तुमाले काय शिकवा? रोपाले पाणी जास्त झालं तं काय होते?”

“मर लागते,” ती हळूच म्हणाली. मग तिनं तांब्याचा विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर रोज सकाळच्या पहिल्या बसची तिला घाई होऊ लागली. सगळा वॉर्ड त्याला ब्रदर म्हणायचा. ती म्हणत नसे. “अहो… ते सलाईन संपलं,” एवढंच म्हणायची. असं का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. डब्यात भाकर थोडी जास्त येऊ लागली, आणि कोपऱ्यात कागदात बांधलेला ठेचा.

“दवाखान्यात तिखट चालत नाही,” प्रज्वल म्हणाला.

“पेशंटले. तुम्ही पेशंट आहे का?”

“होऊन पाहावं म्हणतो… घरचे डबे येतात.”

“पाणी मोजून भेटन मंग.”

खिडकीतून उन्हाचा तुकडा खाटेवर सरकत यायचा. तो नाडी मोजताना ओठ हलवायचा, आणि ती ते ओठ पाहत असे. एकदा त्याचं मोजणं मध्येच चुकलं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

महादेवरावांची सूज उतरली. पण बोलणंही उतरलं. गावातल्या प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला ओसरीतून हाक मारणारा माणूस भिंतीकडं तोंड करून पडू लागला. भाकरीचा घास तोंडात तसाच ठेवायचा. एका सकाळी त्यांनी लेकीला विचारलं, “गाव जागच्या जागी आहे ना व?”

त्या दिवशी दीपमालानं बापाला घरी न्यायचं ठरवलं.

“अजून काही दिवस राहू द्या,” प्रज्वल म्हणाला. “घरी माया असते, पण नजर नसते.”

“अन् तुमच्या इथं नजर असते. माया?”

“ड्युटीवर सांगता येत नाही,” तो म्हणाला.

ती बापाला घेऊन घरी आली. रोज सकाळी एक लिटरचा फ्लास्क भरायचा, चहा-वरणाचंही पाणी दिवसभर त्यातूनच द्यायचं. गोळ्या वेळेवर, मीठ बंद. महादेवराव ओसरीतल्या बाजेवर बसून पुन्हा हाका मारू लागले. पाहुणे येत, बसत, जात. घर भरल्यासारखं वाटे. आणि पंधरवडा व्हायच्या आत त्यांना पुन्हा दम लागला.

वॉर्डात प्रज्वलनं पुन्हा अंगठा दाबला. खड्डा मागच्यापेक्षा खोल होता.

“पाणी जास्त झालं.”

“मी मोजून देल्लं.”

“अंग खोटं बोलत नाही, दीपमाला.”

“मंग मी बोलून राह्यली?”

त्यानं डोळे यंत्रावर ठेवले. त्या नजर टाळण्यानं तिला जे लागलं, ते शब्दानं लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी डब्यात ठेचा नव्हता.

पुण्याहून भावाचा, शेखरचा फोन आला. संभाजीनगरात एक केंद्र आहे, रात्रंदिवस नर्स असतात, जागा मिळाली आहे. “दीपा, तू खूप केलंस. पण हे घरी होणारं काम नाही. दोनदा ॲडमिट झाले ते. मी संक्रांतीला गाडी घेऊन येतो.”

महादेवराव ऐकत होते. “मले तठी धाडू नको पोरी,” ते म्हणाले. “तठी मले कोण ओळखते?”

तिनं फोन कानाला घट्ट धरला. “दादा, संक्रांतीपर्यंत सूज चढली नाही तं बाबा घरीच राहतील. बोल.”

“आणि चढली तर?”

बापाकडं न पाहता ती म्हणाली, “तर ने.”

बापाला दुसऱ्यांदा घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेपुढं मोटारसायकल थांबली. प्रज्वलच्या काखेत वजनकाटा होता.

“सुट्टी आहे आज. माफी मागायले आलो, अन् हा द्यायले. रोज सकाळी वजन करा. पाणी साचू लागलं तं पायाच्या आधी काटा सांगते.”

“आधी माफी. मंग काटा.”

“चुकलो.”

“काय चुकलं?”

“अंग खोटं बोलत नाही हे खरं आहे. पण तुम्हीबी खोटं बोलत नाही. दोन्ही खरं असलं तं मधात काहीतरी आहे. तेच पाह्यले आलो.” मग आवाज उतरवून, “अन्… ठेचा बंद झाला.”

तिनं काटा त्याच्या हातातून घेतला. बोटं लागली. दोघांनीही ती लगेच काढून घेतली नाहीत.

घरात कौशल्याबाईंनी, तिच्या आईनं, त्याला चहा दिला. ओसरीवर ऊन आलं होतं. महादेवराव उशाला टेकून बसले होते, आणि शेजारी त्यांची मोठी बहीण रुखमाबाई कापसाच्या वाती वळत होती. दीपमाला पाण्याची मोटर बंद करायला रोपांवरच्या शेडनेटकडं गेली. परत आली ती उंबऱ्यातच थांबली.

आई प्रज्वलच्या हातात फुलपात्र देत होती. “आजाऱ्याले भेटायले आलं की आपल्या हातानं दोन घोट पाजा लागते, बापू. आमच्या घरची रीत आहे. कोरड्या हातानं जाऊ नये.”

“पण मावशी, त्याईले पाणी…”

तेवढ्यात महादेवरावांनी मान उचलली. ओठ जरासे उघडले. डोळे फुलपात्रावर ठेवून ते वाट पाहू लागले. वॉर्डात चमचा-चमचा मोजणाऱ्या, उशाचे तांब्ये उचलून नेणाऱ्या प्रज्वलनं त्या चेहऱ्याकडं पाहिलं… आणि फुलपात्र त्यांच्या ओठांना लावलं. एक घोट. दुसरा. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ऊन पसरावं तसं काहीतरी पसरलं.

“ब्रदर!” दीपमाला म्हणाली.

तिनं त्याला पहिल्यांदाच तसं म्हटलं. फुलपात्र हातातून पडता पडता राहिलं.

“दोनच घोट…” तो पुटपुटला. “पुण्य लागते म्हणे.”

तिला हसू फुटलं, आणि अर्ध्यातच विरलं. ती आईकडं वळली. “आई, असं अजून कोणकोण पाजून गेलं?”

“सगळेच पाजतात. कोणाले नाही म्हणू? सकाळून तुही आत्या, मंग वरच्या आळीतले, मंग भजनी मंडळ… दोन-दोन घोटच तं असते, बाई. पुण्याचं पाणी फ्लास्कात मोजा लागते का?”

कोनाड्यात तो फ्लास्क उभा होता, काटेकोर भरलेला, काटेकोर उरलेला. आणि त्याच्या बाहेरून सगळं गाव येऊन प्रेमानं दोन-दोन घोट पाजून जात होतं. दीपमालानं प्रज्वलकडं पाहिलं. तो तिच्याकडंच पाहत होता.

“येणं बंद करा सगळ्याईचं,” तो म्हणाला. “दुसरा उपाय नाही.”

“मंग दवाखाना काय वाईट होता?” ती पायरीवर बसली. बराच वेळ बोटानं मातीत रेघा ओढत राहिली. “कोरड्या हातानं जायचं नाही, एवढंच ना? हाताले दुसरं काम देऊ. पाय चेपा म्हणावं. पाजल्याचं पुण्य तेच चेपल्याचं.”

प्रज्वलचे डोळे चमकले. “अन् चेपता चेपता नडगीवर अंगठा दाबून पाहा म्हणावं. खड्डा पडला की तुमाले सांगतील.”

“मी नाही व,” रुखमाबाई वाती ठेवून म्हणाली. “मोठी बहीण मी. लहान्याचे पाय धरू काय?”

“आत्या, तुम्ही ओला कपडा त्याईच्या ओठाले लावा. फक्त लावा, पिळू नका,” प्रज्वल म्हणाला.

“पिळायले काय ते धुणं आहे?” रुखमाबाई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती घरून स्वच्छ मलमल घेऊन आली.

गावाला नवं वेड लागलं. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी महादेवरावांचे पाय मांडीवर घेई, अंगठा रोवून बसे, आणि जाताना कुंपणावरून ओरडे, “दीपे, आज खड्डा नाही व!” एकानं तर स्वतःच्याच पायावर दाबून पाहिलं आणि घाबरून गेला. महादेवराव हसले, आणि हसताना त्यांना दम लागला नाही. काटा रोज सकाळी तोच आकडा दाखवत होता.

प्रज्वल ड्युटी सुटली की येई. उन्हं कलायच्या आत मोटारसायकलचा आवाज आला की दीपमाला वेणीवरून हात फिरवी, आणि मग स्वतःवरच चिडे. एका संध्याकाळी तो तिला शोधत शेडनेटखाली आला. हिरव्या जाळीतून गाळलेला उजेड, वर फवाऱ्याचं बारीक धुकं, मिरचीच्या रोपांच्या इवल्या पानांवर थेंब. तिच्या केसांवरही थेंब होते. तिला ते माहीत नव्हते.

“इतक्या लांब रोज काऊन येता?”

“काटा माहा आहे. त्याले भेटायले.”

“काटा बरा आहे.”

“अन् काटा वापरणारी?”

“तिचं वजन वाढून राह्यलं. लोकं चेपायले येतात अन् शेंगा-बोरं ठेवून जातात.”

तो हसला. मग हसू मागे घेऊन म्हणाला, “दीपमाला, एक सांगू? बाबा बरे नाही होणार. हृदय तेच राहीन… थकलेलं.”

“माहीत आहे.”

“बरे दिवस मात्र येतील. काही.”

“तेच तं मागून राह्यली मी.” तिनं एका रोपाचं वाकलेलं पान सरळ केलं. “तेवढेच. ते दिवस ओसरीत जावे, भिंतीकडं तोंड करून नाही.”

फवारा बंद झाला. जाळीवरून थेंब गळत राहिले. प्रज्वलनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. “मले अजून एक…”

“आता नको,” ती घाईनं म्हणाली. “संक्रांत होऊ द्या. आता माह्या मनात दुसऱ्या कशाले जागा नाही. म्हणजे… आहे. पण तिचं दार लोटून ठेवलं.”

“लोटून ठेवलं, की कडी लावली?”

“लोटून,” ती म्हणाली, आणि रोपांत वाकली.

संक्रांतीला शेखर आला. गाडीत नवी चादर, बापाच्या कपड्यांसाठी पिशवी. ओसरीत पाऊल टाकलं तर बाजेभोवती माणसं, आणि मध्ये महादेवराव कुणाच्या तरी बैलाची गोष्ट सांगत होते. शेखर जवळ बसला. “दादा, पाय धर,” दीपमाला म्हणाली. “नडगीवर दाब. जोरानं.”

शेखरनं दाबलं. अंगठा उचलला. कातडी सपाट होती. त्यानं पुन्हा दाबून पाहिलं, मग अंगठा तिथंच राहू दिला. लहानपणी यात्रेतून परत येताना हेच पाय चालत होते आणि तो खांद्यावर झोपला होता, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं.

दुपारी प्रज्वल आला. शेखर उठून उभा राहिला. “तुम्ही दवाखान्यातले ना? मग तुम्हीच सांगा. मी लेकाच्या बाजूनं बोलतोय, ही लेकीच्या. दवाखाना, की घर?”

प्रज्वलनं घाई केली नाही. “काही दिवस असे येतील की दम चढन. तवा घर पुरणार नाही, मी स्वतः त्याईले घेऊन जाईन. पण दवाखान्यात ठेवून हृदय नवं होत नाही, दादा. जे दिवस घरी जाऊ शकतात, ते घरी जाऊ द्या. मी आधी असं म्हणत नव्हतो.”

शेखर बराच वेळ अंगणात फिरला. मग गाडीजवळ गेला आणि रिकामी पिशवी घडी करून आत टाकली. “मी महिन्यातून एकदा येईन,” तो आईला म्हणाला. “चेपायला.”

कौशल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दीपमाला आत निघून गेली. चुलीपाशी उभी राहून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग पाण्यानं धुऊन बाहेर आली.

उन्हं तिरपी झाली होती. माणसं पांगली. प्रज्वल रोजच्यासारखा बाजेच्या पायथ्याशी बसला आणि त्यानं महादेवरावांच्या पायांकडं हात नेला. महादेवरावांनी पाय झटकन पांघरुणात ओढून घेतले.

“काय झालं बाबा? दुखते का?” त्याच्या कपाळावर आठी पडली. “सूज लपवून राह्यले का तुम्ही? पाहू द्या.”

“दुखत नाही,” महादेवराव म्हणाले.

“मंग?”

“जावयाकडून पाय चेपून घेत नसतात, बापू.”

रुखमाबाईची वात हातातच राहिली. प्रज्वलचे कान लाल झाले, मग मान, मग सगळाच तो. त्यानं वळून पाहिलं. दीपमाला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तोंडावर अजून पाणी, आणि ती खाली पाहत नव्हती.

“तुम्ही… सांगितलं त्याईले?”

“मी काहीच सांगितलं नाही. बाबानं सकाळी विचारलं. मी फक्त… नाही म्हटलं नाही.”

“म्हणजे दार…”

“उघडंच होतं. तुमाले ढकलता येत नाही, त्याले मी काय करू?”

शेखर खोकला आणि विहिरीकडं काय आहे ते पाहायला गेला. कौशल्याबाई त्याच्यामागे गेल्या. रुखमाबाई गेली नाही. तिनं फक्त तोंड फिरवलं.

प्रज्वल नुसता हसत होता. शेवटी त्याच्यातला ब्रदरच बोलला, “मंग आता सूज कोण पाह्यन?”

“मी पाह्यते,” दीपमाला म्हणाली. “तू बस.”

तो ‘तू’ ओसरीत जरा वेळ तसाच राहिला. ती पायथ्याशी बसली, बापाचा पाय मांडीवर घेतला, आणि नडगीवर अंगठा रोवला. प्रज्वल तिच्या शेजारी वाकला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. तिनं अंगठा उचलला.

या खेपेला जरासा खड्डा पडला होता. अगदी जरासा. सकाळी नव्हता. दोघांनी तो पाहिला, आणि एकमेकांकडं पाहिलं.

“काय म्हणते पाय?” महादेवरावांनी विचारलं.

“थोडा खड्डा आहे, बाबा. दिवसभर बसून राह्यले तुम्ही,” ती म्हणाली. “उशी पायाखाली घेऊ. रात्रीची गोळी मी स्वतः देते.”

“घेऊ,” महादेवराव म्हणाले आणि डोळे मिटून ऊन खात राहिले.

प्रज्वलनं उशी आणली. दोघांनी मिळून ती पायांखाली सारली. उशीखाली तिचा हात त्याच्या हाताला लागला, आणि तो तिनं तिथंच राहू दिला. दोघं खड्ड्याकडं पाहत होते. तो हळूहळू… फार हळूहळू… भरून येत होता.